आबांच्या तब्येतीचा वर्षावास

१० जुलै, आषाढी पौर्णिमा

आजपासून विहारात वर्षावास. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. वाचणारे अर्थातच माझे आजोबा, आबा. माझ्या जन्माच्या आधीपासून तेच वाचतात. आमच्या गावात, अनसिंगमध्ये, दुसऱ्या कुणी वाचलेलं मी ऐकलेलं नाही.

आबांनी पहिला परिच्छेद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिला परिच्छेद वाचला. पुन्हा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा पहिला परिच्छेद सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेत दोघं-तिघं खोकले.

निघताना चंपाकाकूंनी मला बाजूला घेतलं. काकू महिला मंडळाच्या अध्यक्ष, विहाराची किल्ली त्यांच्याच कमरेला. म्हणाल्या, "स्नेहा, बुढा थकला वं आता. शाळेतल्या रविकांत सरले सांगू काय वाचाले?" मी म्हटलं, आबा थकलेले नाहीत, त्यांना डेफिशियन्सी आहे. ते काय असते, म्हणाल्या. म्हटलं, शरीरात काही घटक कमी पडतात, ते भरले की माणूस पहिल्यासारखा. मग म्हणाल्या, बरं, आश्विन पुनवपर्यंत वाट पाहू. शेवटचं पान देवमनभाऊनं, म्हणजे आबांनी, सोताच्या तोंडानं वाचलं तर वाचनाची खुर्ची त्याहिचीच. नाही तर पुढल्या सालापासून सर.

संकल्प: शेवटचं पान आबाच वाचणार. खणखणीत.

तपासणी न करताच "डेफिशियन्सी आहे" असं मी सांगितलं. खोटं न बोलण्याचं शील मोडलं का? विचार केला. तो अंदाज होता. अंदाज खोटा ठरेपर्यंत तो खोटं नसतो.

१२ जुलै

मोबाईलवर अभ्यास. साठीनंतर शरीराला प्रथिनं जास्त लागतात, शोषली कमी जातात. बी-बारा नसांसाठी. ओमेगा मेंदूसाठी. सगळं कळलं. इतकी वर्षं आबा नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर आणि तुरीच्या वरणावर चालले होते हेच आश्चर्य.

पुण्याला भावाला, संघदीपदादाला, फोन. म्हणाला, आबा शहात्तरचे झाले, हे नॅचरल आहे. मी म्हटलं, नॅचरल हा निष्काळजी माणसांचा शब्द आहे. तो म्हणाला, काय पाहिजे ते सांग, ऑनलाइन मागवतो.

१९ जुलै

पार्सल आलं. एक डबा प्रथिनांच्या पावडरचा, व्हॅनिला फ्लेवर. एक बाटली माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूलची, म्हणजे ओमेगा. एक बी-बाराच्या लाल गोळ्यांची. डब्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनाऱ्यावर धावतंय. आबा सध्या मोरीपर्यंत काठी घेऊन जातात. पण आपल्याकडे वेळ आहे.

आई म्हणाली, एवढ्या मोठ्या डब्यात शेंगदाण्याचा कूट चांगला राहील.

२० जुलै

सकाळी आबांना कॅप्सूल दिली. त्यांनी ती गालात ठेवली, "झालं" म्हणाले आणि अंगणात जाऊन थुंकली. कोंबडीने उचलली. कोंबडी ठीक आहे.

दुपारी लाल गोळी. "मले काय झालं?" म्हणून रागावले. काहीच झालं नाही म्हटलं. "मंग गोई कायले?" पावडर दुधात कालवून दिली तर वास घेऊन पेला माझ्याकडे सरकवला.

निर्णय: अन्नातून.

२२ जुलै

पिठल्यात दोन चमचे पावडर. कुणाला कळणार नाही याची खात्री होती. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, विचारलं, "पिठल्याचा आज बड्डे हाय काय?" आईने खाऊन बघितलं आणि मला चुलीजवळून उठवलं. म्हणाली, बुढ्याले खाऊ दे ना वं त्याच्या मनानं, किती दिवस खानार हाय.

हे वाक्य मला अवैज्ञानिक वाटलं. आबांनी मात्र सगळं पिठलं खाल्लं. वर म्हणाले, मोठ्या सुनेच्या हाताला चव आहे. मोठी सून कोण, हे कुणी विचारलं नाही. आबांना एकच मुलगा, माझे बाबा.

भूक सुधारते आहे.

२६ जुलै

मार्ग सापडला! इतका सोपा की स्वतःवरच हसू आलं.

घरी आबा गोळी घेत नाहीत. पण विहाराच्या दारात ते कशालाच नाही म्हणत नाहीत. तिथे पोचले की त्यांचा चेहरा शांत होतो, लहान मुलासारखं सगळं ऐकतात. लहानपणी याच पायरीवर ते माझ्या मुठीत नाणं ठेवायचे, दाराच्या आतल्या दानपेटीत टाकायला. माझा हात पेटीच्या तोंडापर्यंत पुरायचा नाही, मग उचलून घ्यायचे.

तर आज पायरीवर मी त्यांच्या तळहातावर कॅप्सूल आणि लाल गोळी ठेवली, पाण्याची बाटली दिली, आणि वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा सोडला. दुसऱ्या चपलेचा पट्टा अडकला होता. आबा म्हणाले, राहू दे, मी आत जाऊन येतो. एक चप्पल पायात तशीच घेऊन आत पाऊल टाकलं, लगेच परत आले. तेवढ्यात मी सोडवला. वर बघते तर हात रिकामा, ओठ ओले.

रोज हेच करायचं.

एक शंका होती. कॅप्सूल माशाच्या तेलाची, विहारात नेणं बरं दिसेल का? पण मी ती पायरीवरच देते. कॅप्सूल आत जात नाही.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

आबांचं आज अष्टशील. दुपारी बारानंतर अन्न नाही. संध्याकाळच्या गोळ्यांचं काय? सकाळी विहारात आलेल्या भंतेजींना विचारलं. म्हणाले, औषध चालतं. मी निश्चिंत होणार होते, पण घरी येऊन बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "हे औषध नाही." डब्यावर तेच. लाल गोळ्यांवरही तेच. म्हणजे अन्न. म्हणजे चालत नाही.

आज खंड. फार अस्वस्थ वाटलं. आबांना एका दिवसात काही होणार नाही ना?

मेंदूच्या उपचारासाठी आणलेल्या वस्तूवर "हे औषध नाही" असं छापलेलं आहे, याचा मी दुसऱ्या बाजूनेही विचार करायला घेतला होता. पण झोप आली.

१४ ऑगस्ट

आबांना वाशिमला डॉक्टरांकडे नेलं. एसटीत खिडकी मिळाली.

डॉक्टरांनी विचारलं, बाबाजी, आज वार कोणता? आबा म्हणाले, "तुमच्या इथं कॅलेंडर नाई काय?" हजरजबाबीपणा पूर्ण शाबूत. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण? आबांनी मला नीट न्याहाळलं. "सोबत आली," म्हणाले. तेही चूक नाही.

रक्ताचा रिपोर्ट: बी-बारा उत्तम! अडीच आठवड्यांत! मी डॉक्टरांना गोळ्यांच्या बाटल्या दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेऊन परत ठेवल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हा आजार वेगळा आहे, मेंदू झिजत चालला आहे, यातलं काहीही तो परत आणणार नाही. वेळेवर जेवण, सोबत माणूस, आणि रागवायचं नाही, एवढंच आपल्या हातात.

डॉक्टर फार तरुण आहेत. जेवणाची वेळही टळून गेली होती त्यांची.

परत येताना आबांना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी "व्वा" म्हटलं आणि त्याच्या घड्या घालून होडी केली.

१८ ऑगस्ट

वाचनाची पद्धत थोडी सुधारली. मी शेजारी बसून ओळीखाली बोट धरते. आबांची ओळ चुकते ती अक्षर बारीक असल्यामुळे. बाकी वाचन त्यांचंच.

२९ ऑगस्ट

ओळीचा पहिला शब्द मी सांगते. तेवढा धक्का दिला की गाडी चालते. सात-आठ शब्द सलग आले आज. ते त्या ओळीतले नव्हते, पण ग्रंथातलेच होते. पुढच्या कुठल्या तरी प्रकरणातले. म्हणजे सगळं डोक्यात आहे, फक्त क्रम लागायचा आहे.

ओमेगाचं काम क्रम लावण्याचंच असणार.

३ सप्टेंबर

मेंदूला व्यायाम पाहिजे. मला शाळेत घालायच्या आधी आबांनीच अक्षरं शिकवली होती, परातीत ज्वारीचं पीठ पसरून, माझं बोट धरून. तोच प्रयोग उलटा केला. परात घेतली, पीठ पसरलं, म्हटलं, आबा, स्नेहातला "स" काढा.

आबांनी पिठाकडे बघितलं, तांब्या घेतला, पाणी घातलं आणि मळायला सुरुवात केली. फार छान मळलं. आईने त्याच्या भाकरी केल्या.

हाताच्या बोटांत ताकद आलेली आहे. नोंद घेण्यासारखी.

५ सप्टेंबर

आता ओळ मी हळू म्हणते, मागून आबा म्हणतात. याला उजळणी म्हणतात. ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. मी अशीच शिकले.

११ सप्टेंबर

मोठी प्रगती! दुपारी आबा एकटेच, काठी न घेता, एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. स्टॅमिना!

त्यांना पानवाल्या उदयसिंगकाकांनी घरी आणून सोडलं. आबा जऊळक्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. कशाला जायचं, तर म्हणे, "बायको माहेराले गेली, आनाले जातो." आजीला जाऊन मला वाटतं सोळा-सतरा वर्षं झाली. पण तिचं माहेर जऊळकाच. गावाचं नाव अचूक आठवलं त्यांना.

उदयसिंगकाका चहा न घेता उठले. दारात आईला म्हणाले, "वहिनी, मी त्याहिले सांगलं की गाडी निंगून गेली. काय सांगू मंग?" आई दाराला पाठ लावून उभी राहिली. रडत होती बहुतेक. मी तिला स्टॅमिनाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "तू जाय वं जराशी बाजूले."

१८ सप्टेंबर

आबांनी आज दोन पानं वाचली. मनात. ओठ हलत होते. लोकांसाठी मी मोठ्याने म्हटलं.

घरी आईने विचारलं, कोणी वाचलं. म्हटलं, आबांनी. आई म्हणाली, "मंग तुहा घसा काहून बसला?"

खोटं न बोलण्याचं शील इथे मोडत नाही. मी फक्त आवाज देते. माईकही आवाजच देतो. माईकने वाचलं असं कुणी म्हणत नाही.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.

२५ सप्टेंबर

सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, सुरू, विहारात माणसं कमी. बरं झालं. आबा वाचताना पंख्याकडे बघतात. डोळ्यांना विश्रांती.

कॅप्सूलची बाटली संपत आली. दादाला आणखी मागवायला सांगितलं. तो म्हणाला, फरक आहे का? मी म्हटलं, खूप. तो म्हणाला, मला फोनवर ओळखत नाहीत गं. म्हटलं, फोनवर तुझा आवाजच बदलतो.

४ ऑक्टोबर

शेवटच्या पानाची तयारी. घरी सकाळ-दुपार उजळणी. पान छोटंच आहे. आबांनी एकदा "आणि" हा शब्द स्वतःहून म्हटला. तो पानात आहे. दोनदा आहे.

रविकांत सर रस्त्यात भेटले. म्हणाले, गरज पडली तर मी आहे. मी म्हटलं, गरज पडणार नाही. त्यांनी मान डोलावली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांनाही अक्षरं आबांनीच शिकवली आहेत.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

सगळं लिहून ठेवायचं. शील पाळायचं तर आज पाळायचं.

विहार भरलेला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाहेर खिरीचं पातेलं. पायरीवर आबांच्या तळहातावर नेहमीसारखी कॅप्सूल आणि गोळी ठेवली, बाटली दिली, वाकले, पट्टा सोडला.

चंपाकाकूंनी माईक आबांच्या तोंडाशी धरला. मी बोट ठेवलं. पहिला शब्द सांगितला. आबा पंख्याकडे बघत होते. ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. खोकले असते तर बरं झालं असतं. मग काकूंनी माईक माझ्याकडे वळवला. मी शेवटचं पान वाचलं. कुठेही अडखळले नाही. शेवटची ओळ झाल्यावर आबा म्हणाले, "शाबास," आणि ते माईकमध्ये गेलं.

नंतर प्रथेप्रमाणे सगळ्यांसमोर दानपेटी उघडली.

आधी वास आला. बायकांनी पदर नाकाला लावले. काकूंनी एक नोट ओढली तर तिच्यासोबत गठ्ठाच वर आला, तेलाने निथळत. नोटांच्या मध्ये पिवळ्या कॅप्सूल, फुटलेल्या, अर्ध्या विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. लाल गोळ्यांचा रंग सगळीकडे उतरलेला. तळाला आणखी. पूर्ण वर्षावास होता तिथे.

कोण्या पोट्ट्याचं काम, असं कुणीतरी म्हणालं. मी उठले. मला सांगायचंच होतं. पण त्याआधी आबा खुर्चीतून वाकले, एक कॅप्सूल चिमटीत उचलली आणि चेहरा उजळला त्यांचा. सगळ्यांना दाखवत म्हणाले, "ह्या माह्याच. पोरगी देते, मी टाकतो. एक दिवस चुकलो नाई."

कुणी हसलं नाही. अनसिंगमध्ये एरवी लोक कशालाही हसतात.

चंपाकाकू एकेक नोट आपल्या पदराला पुसत बसल्या. मी मदत करायला बसले. त्या खाली बघतच म्हणाल्या, "सरले कायले सांगाचं आता. गणपतीपासून तुह्याच तोंडून ऐकून राह्यलो ना आमी. पुढल्या सालीबी तूच वाच."

मी म्हटलं, विचार करते. मग खीर वाटली. आबांनी दोन द्रोण घेतली.

८ ऑक्टोबर

काल नीट विचार करता आला नाही. आज केला.

उपचार फसलेला नाही. उपचार सुरूच झालेला नाही! गोळ्या पोटात गेल्या असत्या आणि उपयोग झाला नसता तर निराश होणं बरोबर होतं. इथे तर कोरी पाटी आहे. उद्यापासून घरी, माझ्या डोळ्यांदेखत, तोंड उघडून दाखवायचं.

बी-बारा उत्तम आलं ते मात्र गोळ्यांमुळे नव्हतं. ते आबांचं स्वतःचंच. भाकरी मळणारी बोटंही. स्टँडपर्यंत चालणारे पायही. म्हणजे आबांच्या शरीरात कमी असं काही नव्हतंच.

मग

भांडी घासायची राहिलीत.

११ ऑक्टोबर

तीन दिवस घरी प्रयत्न. आबा थुंकतात. कोंबड्या आता वाट बघतात.

संध्याकाळी वाचनाच्या वेळेला आबा पांढरा सदरा घालून तयार. सदरा उलटा होता. म्हटलं, आबा, वर्षावास संपला. त्यांनी ऐकलं आणि चालायला लागले. गेले सोबत.

विहाराला कुलूप. आबा पायरीवर थांबले आणि हात पुढे केला. सवयीने माझ्या पिशवीत बाटली होती. कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली. या वेळी वाकले नाही. समोर उभी राहून बघत राहिले.

आबांनी कॅप्सूलकडे बघितलं. बंद दाराकडे बघितलं. मग माझा हात घेतला, बोटं उघडली, कॅप्सूल आत ठेवली आणि मूठ मिटवून वर थोपटली. म्हणाले, "टाक पोरी, पेटीत टाक. हात पुरते ना?" म्हटलं, पुरतो आता. मग त्यांनी फार प्रेमाने विचारलं, "कोनाची वं तू?"

मी म्हटलं, तुमचीच आहे, स्नेहा, तुमच्या सुनेची, शीलाची मुलगी. "अस्सं," म्हणाले. कुणा अनोळखी माणसाची ओळख करून दिल्यावर म्हणतात तसं. "शाळेत जाजो, बरं."

हो म्हटलं.

येताना वाटेत मूठ चिकट व्हायला लागली. दाराला कुलूप, पेटी आत. पायरीवर टाकता येत नव्हती, घरी नेऊन पुन्हा कोंबडीलाच गेली असती. मीच गिळली, पाण्याशिवाय. पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी, असं बाटलीवर छापलेलं आहे. मी चोवीसची.

जेवण झालं. आबा झोपले. मला ढेकर येतोय. माशाचा.